परत आलेल्यांची मोजणी

टक्. थोड्या वेळाने पुन्हा, टक्-टक्.

पत्र्यावर कुणीतरी नखाने वाजवावं तसा आवाज. रोवेनाच्या हातातला बटाटा अर्धा सोलून तसाच राहिला. गेला तासभर घर इतकं गप्प होतं की चुलीवरच्या किटलीचीसुद्धा तिला सोबत वाटत होती. पहाटे गावातलं लोखंडी नळकांडं बडवलं गेलं, समुद्र शांत आहे म्हणून. आणि डेक्स्टर इतर पुरुषांबरोबर होडी घेऊन शेवंडी धरायला निघून गेला. टिलीला रात्रीपासून जरा कणकण, म्हणून शाळेला सुट्टी. ती आतल्या खोलीत झोपली असणार, असं रोवेनाने धरून चाललं होतं. सहा वर्षांचं मूल घरात असताना घर एवढा वेळ गप्प राहत नाही, हे तिला कळायला हवं होतं.

टक्-टक्-टक्.

आवाज परसातल्या धुण्याच्या खोलीतून येत होता. रोवेनाने सुरी ठेवली, हात ॲप्रनला पुसत दार ढकललं आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

टिली फरशीवर मांडी घालून बसली होती. केस ओले, फ्रॉक ओला, नाक वाहतंय. समोर पत्र्याचा टब, टबात डेक्स्टरचा समुद्रावर घालायचा जाड लोकरी स्वेटर, आणि स्वेटरात गुंडाळलेला एक पिनामिन. पेंग्विनला बेटावर पिनामिनच म्हणतात. भुवयांवरचे पिवळे तुरे भिजल्या केरसुणीसारखे चिकटलेले. पापण्या सुजलेल्या, त्यांतून पाणी. अंग असं थरथरत होतं की चोच पुन्हा पुन्हा टबाच्या कडेवर आपटत होती. तोच तो आवाज.

टिलीने त्याच्या डोक्यावर गाल टेकवला होता.

"आई," ती हळूच म्हणाली, "ओरडू नकोस हं."

रोवेना ओरडली. इतक्या जोरात, की पिनामिनने मान आत घेतली आणि टिलीचं तोंड रडवेलं झालं. तिने पोरीला दंडाला धरून उचललं, स्वयंपाकघरात आणलं, मागचं दार लावलं. टिलीचे हात नळाखाली धरले, तोंड धुतलं, पुन्हा हात धुतले. पुढच्या दाराचा खटका लावला. मग तिच्या लक्षात आलं की आपणही आता आतलेच झालो.

फळीच्या कपाटावर तो कागद चिकटवलेला होता. तिनेच चिकटवला होता. दुकानात, चर्चच्या दारावर, शाळेत, आणि मग स्वतःच्या घरात. 'आजारी किंवा मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका. लगेच कळवा.' खाली चित्र: मान वाकडी झालेला, डोळे गळणारा पक्षी. अंग थरथरणे, हेही लिहिलेलं. दक्षिणेकडच्या बेटावर बर्ड फ्लूने पक्षी मरून पडलेत, अशी बातमी महिन्यापूर्वी आली, तेव्हापासून हा कागद. टिलीने त्या चित्रातल्या पक्ष्याला हिरव्या खडूने रंगवून टाकलं होतं.

बेटावरचे पिनामिन मोजायचं काम रोवेनाचं. तिच्याआधी तिच्या वडिलांचं. दर वसंतात पाणथळीच्या वरच्या त्याच उतारावर जायचं, त्याच खुंट्यांमधली घरटी मोजायची, वरून खाली एकदा आणि खालून वर एकदा. ती लहान असताना वडील तिला बरोबर न्यायचे. तेव्हा त्या उतारावर बोलायचं तर ओरडून बोलावं लागे, एवढा पिनामिनांचा गलका. यंदा तिने मोजणी संपवली तेव्हा वाऱ्याचा आवाज ऐकू येत होता.

ती वायरलेसपाशी गेली. आवाज साधा ठेवायचा तिने खूप प्रयत्न केला.

"बेसिलमामा, रोवेना बोलतेय. जरा आमच्या घरी याल? डॉक्टरांना घेऊन. खिडकीशीच या. आत नको."

वायरलेस क्षणभर खरखरला. मग एका वेळी तीन घरांतून आवाज आले.

"काय झालं गं?"

"टिलीला बरं नाही का?"

"खिडकीशी का? दार मोडलं का?"

"मी येतोय," बेसिलमामा म्हणाले. "आणि बाकीच्यांनी आपापली भांडी घासा."

रोवेनाने टिलीला खुर्चीत बसवलं. कपाळ तापलं होतं. सकाळी होतं त्यापेक्षा जास्त? तिला सांगता येईना. भिंतीपलीकडून टक्-टक् चालूच.

"कुठे सापडला तो?"

टिली गप्प.

"टिली, मी काय विचारतेय? कधी आणलास? आज? काल? त्याचा मुका घेतलास? त्याच्या अंगाचे हात तोंडात घातलेस?"

टिलीने ओठ मिटले. खडकावरच्या कालवाला बोट लावलं की ते मिटतं, तशी ती मिटली. आता सुरी घातली तरी उघडायची नाही. बापाचा स्वभाव.

"तुला तो कागद दाखवला होता ना मी? शंभरदा सांगितलं होतं ना?"

टिलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण शब्द एकही नाही.

बेसिलमामा खिडकीशी आले तेव्हा धापा टाकत होते. ते तिच्या आईचे भाऊ, आणि पक्ष्यांच्या कामात तिचे वरिष्ठ. डॉक्टर तोंडाला पट्टी, हातात मोजे, अंगात पांढरा झगा घालून दारातून आत आल्या. दोन वर्षांपूर्वी केप टाउनहून आलेल्या, शांत बाई. त्यांनी टिलीचा ताप पाहिला, घसा पाहिला, पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"ताप आहे. घसा लाल आहे. छाती सध्या मोकळी आहे," त्या म्हणाल्या. "हा जहाजाचा खोकलाही असू शकतो."

जहाज आलं की बेटाला खोकला येतो, हे ठरलेलं. बाहेरची माणसं उतरतात, सर्दी घेऊन येतात, आणि आठवडाभर गाव शिंकत बसतं. जहाज चारच दिवसांपूर्वी आलेलं. अजून बाहेर नांगरून होतं. खिडकीतून त्याचा लाल पट्टा दिसत होता.

"असू शकतो," रोवेना म्हणाली, "की नसू शकतो?"

डॉक्टरांनी नळी गळ्यात अडकवली. "मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. पक्ष्याचा फ्लू माणसाला सहसा होत नाही. पण लहान मुलाला झाला आणि छातीत उतरला, तर माझ्या दवाखान्यात त्यासाठी यंत्र नाही. जहाज आज दिवस मावळताना निघतंय. पुढचं यायला दीड महिना. मी कप्तानाशी बोलले तर तो तुम्हा दोघींना वेगळी खोली देईल. मोठ्या इस्पितळापर्यंत आठवडा लागेल. पक्षी खरंच आजारी असेल, तर मला टिली त्या जहाजावर हवी आहे."

"आठवडा समुद्रावर? या तापात? आणि नुसती सर्दी असली तर?"

"तर तिला उगीच हाल," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणूनच विचारते. पक्ष्यांमधलं मला कळत नाही. तुम्हाला कळतं."

बेसिलमामा मागच्या खिडकीतून धुण्याच्या खोलीत डोकावून आले होते. त्यांचा चेहरा पाहून रोवेनाला पुढचं विचारावंसं वाटेना.

"थरथर आहे," ते म्हणाले. "डोळे गळतायत. हलायचं त्राण दिसत नाही. पोरी, मी आजवर नुसते फोटो पाहिलेत. पण फोटोत असंच होतं." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "नियम तुलाही ठाऊक आहे. किनाऱ्यावर जुनी पिसं टाकायला शेकडो पिनामिन उभे आहेत. नमुना घ्यायचा, जहाजावर चढवायचा, आणि पक्षी..."

टिली त्यांच्याकडे टक लावून बघत होती. त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"नमुन्याची पेटी घेऊन येतो," ते म्हणाले. "शेवटची होडी जहाजाकडे जायच्या आत."

ते वळतात तोच फ्लॅक्सच्या उंच पात्यांच्या कुंपणाआडून सासूबाईंचा आवाज आला. अल्माआई. हातात टोपली, टोपलीत बटाट्याचे केक, अंगात चुकीची बटणं लावलेला कोट.

"वायरलेसवरून कळायचं का मला, माझी नात आजारी आहे म्हणून? बाजूला हो, बेसिल!"

"आत नाही जायचं, अल्मा."

"का? पिनामिनसाठी? अरे, तेलाच्या वर्षी जहाज फुटलं, तेव्हा याच घरात पिनामिन होते! चुलीपुढे होते, पलंगाखाली होते, तुझ्या बायकोच्या न्हाणीत तर पाय ठेवायला जागा नव्हती. या हातांनी किती धुतले त्याची मोजदाद नाही. कुणाला साधी शिंक आली नाही!"

"तेव्हा तेल होतं. हा रोग आहे."

"रोग, रोग! उद्या आमच्या कोंबड्या मारायला सांगशील!"

बेसिलमामांनी नजर वळवली. अल्माआईंचं तोंड उघडं राहिलं. मग त्यांनी टोपली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि काचेला हात लावला. आतून टिलीने लावला. काच मध्ये. म्हातारीचा सगळा जोर एकदम ओसरला.

"खाऊन घे गं बाळा," त्या म्हणाल्या. "गरम आहेत."

डॉक्टर जहाजाशी बोलायला गेल्या. रोवेनाने पलंगाखालून कपड्यांची पेटी ओढली. टिलीचे कपडे, औषध, लोकरीची टोपी. एक वस्तू आत टाकायची, एक बाहेर काढायची. हात काम करत होते, डोकं भिंतीपलीकडच्या आवाजाकडे. टक्. टक्-टक्. मधलं अंतर वाढतंय का? मरतोय का तो?

वायरलेस खरखरला. "रोवेना. डेक्स्टर बोलतोय. ऐकलं मी. आम्ही वळलोय, पण इथून यायला वेळ लागेल."

"डेक्स्टर, जहाज दिवस मावळताना निघतंय. डॉक्टर म्हणतात, पक्षी आजारी असेल तर टिलीला घेऊन जा. मामांना तो आजारी वाटतोय."

"तुला काय वाटतंय?"

रोवेनाने भिंतीकडे पाहिलं. टक्.

"हे बघ," पाण्याच्या आवाजात त्याचे शब्द तुटत होते. "मी पक्षी पाहिलेला नाही, तू पाहिलायस. मी पोहोचेन न पोहोचेन, माझी वाट बघू नकोस. तू म्हणशील ते."

सगळं गाव ऐकत होतं. तरी एकही आवाज मध्ये पडला नाही. एरवी कुणाच्या घरात मीठ संपलं तरी चार जण सल्ला देतात. त्या शांततेने रोवेनाला अधिकच भीती वाटली.

ती टिलीसमोर गुडघ्यांवर बसली आणि तिच्या पायांत लोकरीचे मोजे चढवू लागली. अल्माआईंनी विणलेले, वर निळे पट्टे. टिलीचं कपाळ गरम आणि पावलं मात्र गारठलेली. तिने ती हातांत धरून चोळली. मग हात हातात घेतले. बोटांची टोकं पांढरीफटक पडून सुरकुतली होती. मोठ्या धुण्याच्या दिवशी तिची स्वतःची होतात तशी.

ती थोडा वेळ त्या बोटांकडे बघत राहिली. मघाशी नळाखाली धरून धरून झाली असतील? नाही. तेवढ्याने एवढी होत नाहीत.

"किती वेळ पाण्यात होतीस गं?" तिने विचारलं. या खेपेला आवाज चौकशीचा नव्हता. रोज रात्री केस विंचरताना असतो तो होता.

टिलीने नाक ओढलं. "तू ओरडणार."

"नाही ओरडणार."

"तू नेहमी म्हणतेस नाही ओरडणार, आणि मग ओरडतेस."

"हो, ओरडते. आत्ता नाही ओरडणार. आजीची शपथ."

टिलीने खिडकीबाहेर कट्ट्यावर बसलेल्या आजीकडे एकदा पाहून घेतलं.

"तो नाल्याच्या तोंडाशी उभा होता. काल खेळताना मी हात लावला, आज पण तिथेच. एकटाच. पळाला पण नाही. त्याच्या अंगाला तेल लागलं होतं."

"तेल?"

"काळं काळं. आणि पिसं अशी उभी, पुंजके पुंजके. आजी गोष्टीत सांगते ना, तसं. मग मी त्याला बाबांच्या स्वेटरात घालून आणला." ती थांबली. आता अवघड भाग होता. "आणि धुतला. तीनदा. आजी म्हणते, पहिल्या पाण्यात तेल निघत नाही. पण माझ्या पाण्यात काळं आलंच नाही, आई. म्हणून मी आणखी साबण घातला."

"कोणता?"

"भांड्यांचा. हिरवा." आणि अगदी हळू, "सगळा."

रोवेना उठली. तोंडाला पट्टी बांधली, रबरी मोजे चढवले, धुण्याच्या खोलीत गेली. त्या खोलीला बारा महिने साबणाचाच वास. म्हणून तो मघाशी नाकाला जाणवलाच नव्हता. तिने स्वेटरची बाही पिळली. बोटांमधून पांढरा फेस आला. पक्ष्याच्या पाठीवर तांब्याभर पाणी सोडलं, तर पिसांच्या मुळातून फेस उकळून वर यावा तसा वर आला, पोटाशी साचला, फरशीवर वाहिला.

पिसं टाकायच्या दिवसांत पिनामिन असाच दिसतो. जुनी पिसं मळकट काळी, पुंजक्यांनी सुटलेली, खालून नवी येणारी. आठवडे न् आठवडे न खाता एका जागी उभा राहतो, हात लावला तरी पळत नाही. टिलीने निरोगी पक्षी उचलून आणला, त्याच्या डोळ्यांत साबण घातला, अंगातली होती नव्हती तेवढी ऊब तीन पाण्यांनी धुऊन काढली. थरथरेल नाही तर काय करेल?

किंवा असं सगळं असूनही तो आजारी असेल. नाल्याशी एकटाच का होता? बाकीचे कळपाने उभे असतात.

वडिलांनी मोजणीला नेताना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: आपल्याला जे दिसावंसं वाटतं ते आधी दिसतं, म्हणून दुसऱ्या टोकाकडून पुन्हा मोजायचं. रोवेनाने दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. समजा, आहे हा आजारी. मग कसा लागेल हाताला? तिने स्वेटरात हात घालून छातीचं हाड चाचपलं. हाड बोटाला लागेना. वर चांगला बोटभर चरबीचा थर, समुद्रावर महिनाभर पोट भरून आलेल्या पक्ष्याचा. मान? मान सरळ होती, पण थरथरीत नीट कळेना. डोळे? साबण निघाल्याशिवाय काय सांगणार?

तिने कोमट पाण्याने डोळे धुतले. पुन्हा धुतले. फेस येईना होईपर्यंत अंगावर पाणी सोडत राहिली, मग त्याला कोरड्या टॉवेलात गुंडाळलं, टिलीची गरम पाण्याची पिशवी बाजूला लावली, आणि दार ओढून बाहेर आली. त्याला मिठी मारून बसावं असं वाटत होतं. पण भ्यालेल्या पक्ष्याची थरथर आणि गारठलेल्याची थरथर वेगळी ओळखायची तर त्याला एकटं सोडायला हवं होतं.

टक्-टक्.

खिडकीशी बेसिलमामा पेटी घेऊन उभे होते. मागे डॉक्टर. अल्माआई कट्ट्यावरून उठल्या.

"मामा, तिने त्याला धुतलाय," रोवेना म्हणाली. "भांड्यांच्या साबणाने. तेल समजून."

अल्माआईंनी दोन्ही हात तोंडावर नेले. "अगं बाई. माझ्या गोष्टी."

"म्हणजे आजारी नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"माहीत नाही. थोडं थांबा. अंग तापू दे त्याचं. थरथर थांबली तर गारठ्याची होती. नाही थांबली तर..."

"होडी धक्क्याला लागलीय गं," बेसिलमामा म्हणाले. "भरती ओहोटी माझ्या हातात नाही. आणि तुला हवंय म्हणून तुला तसं दिसत असेल, याचा विचार केलास?"

"तेवढाच करतेय मघापासून."

जहाजाचा भोंगा वाजला. एकदा. खिडकीतून येणारं ऊन तांबूस झालं होतं. कपड्यांची पेटी झाकण लावून दाराशी ठेवलेली. टिली टोपी घालून खुर्चीत बसली होती, खोकला दाबत. कुठे जायचं, का जायचं, तिने एकदाही विचारलं नव्हतं, आणि त्यामुळेच रोवेनाला तिच्याकडे बघवत नव्हतं. आतल्या दोघींचा आणि खिडकीबाहेरच्या तिघांचा श्वास जणू त्या भिंतीला कान लावून होता.

टक्.

मग काहीच नाही.

रोवेनाने वाट पाहिली. किटलीचं झाकण हललं. कुत्रं भुंकलं कुठेतरी. भिंतीपलीकडे काहीच नाही.

"गेला," बेसिलमामा खालच्या आवाजात म्हणाले.

रोवेनाने दार उघडलं. टॉवेल टबात रिकामा पडला होता. क्षणभर तिला काही समजेना. मग गरम पाण्याच्या पिशवीच्या वर, धुण्याच्या पाटावर, तो दिसला. दोन्ही पायांवर ताठ, छाती पुढे, वाळलेले पिवळे तुरे बाजूंना उभारलेले, गावपंचायतीच्या बैठकीत कुणी उशिरा आलं की अध्यक्ष बघतात तसा तिच्याकडे बघत. अंग स्थिर. पापण्या अजून सुजलेल्या, पण डोळे उघडे. तिने हात पुढे केला. त्याने मान लांबवली, सरळ, नीट नेम धरून, आणि रबरी मोज्यासकट तिच्या बोटाचा असा लचका घेतला की ती किंचाळली. वर आणि गाढवासारखा लांबलचक ओरडला.

तो ओरडा परसात, कुंपणापलीकडे, सगळीकडे गेला. खिडकीबाहेर अल्माआई हसत सुटल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. रोवेना बोट घट्ट दाबून उभी होती. इतकं दुखलेलं तिला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

पण डॉक्टर हसत नव्हत्या. त्यांचं काम अजून संपलं नव्हतं. "रोवेना, शेवटची होडी. टिली जाणार का?"

"नाही."

"खात्री आहे?"

"नाही," रोवेना म्हणाली. "पण जाणार नाही."

बेसिलमामांनी पट्टी बांधून आत येऊन काडीने पक्ष्याच्या घशातला नमुना घेतला आणि त्याचा एक लचका स्वतःही सोसला. नमुना होडीने गेला. आपल्या पेटीतलं पक्षी मारायचं सामान त्यांनी न उघडता परत नेलं. जहाज वळलं, त्याचा लाल पट्टा लहान होत गेला, आणि ते दिसेनासं झाल्यावर रोवेनाला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आता चुकलं असेल तर दुरुस्त करायला काही उरलं नव्हतं. डेक्स्टर धक्क्यावरून धावत आला, तोपर्यंत समुद्र रिकामा होता. तो खिडकीबाहेर ओल्या कपड्यांतच उभा राहिला. आत येऊ देत नव्हते. नुसता उभा राहिला, काचेला कपाळ टेकून.

त्या रात्री टिलीचा ताप चढला. रोवेना तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत बसली, एका टोकाकडून आणि पुन्हा दुसऱ्या. दुसऱ्या दिवशी ताप तसाच. तिसऱ्या सकाळी वायरलेसवर शाळेच्या बाई शिंकल्या, मग दुकानदार, मग अल्माआई अशा खोकल्या की वायरलेस फुटतोय की काय. जहाजाचा खोकला गावभर झाला होता. इतका आनंद कुणाच्या खोकल्याने बेटावर आजवर झाला नसेल. टिली पलंगात उठून बसली आणि म्हणाली, बटाट्याचा केक आहे का?

तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस त्या दोघी घरातच राहिल्या, पक्ष्यासकट. कोंबड्या वाचल्या. अल्माआई रोज संध्याकाळी खिडकीशी बसून गोष्ट सांगत. आता प्रत्येक गोष्टीच्या शेवटी त्या बोट नाचवून म्हणत, "आणि तेल असेल तरच साबण! आणि मोठ्या माणसाला विचारून! कळलं का?"

"कळलं," टिली म्हणे. "पण ते तू आधी सांगायला हवं होतंस."

पुढे कधीतरी, अंथरुणात पडल्या पडल्या, टिलीने आपणहून सांगितलं. "तू उतारावरून आलीस ना, तेव्हा बाबांना म्हणालीस, यंदा फार कमी आलेत. म्हणून मी त्याला घेऊन आले. तो मेला असता तर आणखी एक कमी झाला असता. मग तू पुन्हा रडली असतीस." रोवेनाला वाटलं होतं, त्या दिवशी आपण स्वयंपाकघरात तोंड फिरवून रडलो ते कुणी पाहिलं नाही.

पिसं झडली. धुण्याच्या खोलीत जणू उशी फुटली होती. खालून नवा कोट निघाला, निळसर काळा, चकचकीत, पाण्याचा थेंब ठरणार नाही असा. पक्षी बारीक झाला, भुकेला झाला, दारावर चोच मारून मारून त्याने रंग उडवला. मग एका ढगाळ सकाळी रोवेनाने त्याला डेक्स्टरच्या त्याच स्वेटरात गुंडाळून किनाऱ्यावर नेलं. टिली पुढे, हात मागे बांधून, कारण हात लावायचा नाही हे आता पक्कं होतं.

काळ्या वाळूवर सोडल्यावर तो क्षणभर थांबला. अंग झाडलं. मग दगडावरून दगडावर, दोन्ही पायांनी उड्या मारत, पाण्याशी गेला. लाट आली, तो तिच्यात शिरला, आणि बाहेर दिसलाच नाही.

"आता कुठे गेला?"

"समुद्रात. थंडीचे सगळे महिने तिथेच असतो. वसंतात परत येईल. येतात ते त्याच उतारावर येतात."

"मग तू त्याला मोजशील?"

"आला की मोजीन."

"आणि नाही आला तर?"

"तर तो मोजणीत नसेल. परत आलेल्यांनाच मोजता येतं, टिली. आपल्या आबांनीही तसंच मोजलं, मीही तसंच मोजते."

टिली पाण्याकडे बघत राहिली. लाटा येत होत्या, रिकाम्या. तिने आईचं बोट धरलं, ते जिथे लचक्याचा वण होता तेच.

"आई," ती म्हणाली, "मग जे परत येत नाहीत, त्यांना कोण मोजतं?"